जोडीने पाहिलेली मुंबई

कष्टकऱ्याच्या घरात प्रवास पुष्कळ होतो, पण फिरणे होत नाही. वर्षाचा हिशोब मांडून पाहा. चार लग्ने, दोन साखरपुडे, एक-दोन मयती, कोणाच्या तरी आजारपणात इस्पितळाच्या चकरा, पोरांची परीक्षा नाहीतर नोकरीची मुलाखत, ६ डिसेंबरला दादर आणि जमल्यास विजयादशमीला नागपूर. एसटीची आणि रेल्वेची तिकिटे जपून ठेवली तर पिशवी भरेल. परंतु या प्रत्येक प्रवासाला कारण असते. काहीही कारण नसताना नवरा-बायकोने जोडीने दोन दिवस कुठे जाऊन यावे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे चैन समजली जाते. वयाची चाळिशी उलटलेली असेल तर चैनीच्या जोडीला थोडी लाजही असते.

वाचक बंधू-भगिनींनो, या वेळी आम्ही त्याच चैनीची बाजू मांडणार आहोत. कारण ती चैन नाही, असे आमचे मत झाले आहे.

आमचे शेवटचे फिरणे २०१९ च्या फेब्रुवारीतले. वेरूळला गेलो होतो, तेही वीस जणांच्या जथ्यात, आणि आमची मंडळी दोन्ही दिवस पोरासोरांचे डबे भरण्यात गुंतलेली. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी आली. त्यानंतर वडील गेले. मग घराचे हप्ते, मुलीच्या नर्सिंगची फी, धाकट्याची दहावी. अशी सात वर्षे निघून गेली. यंदा जानेवारीत एक शनिवार-रविवार मोकळा दिसला तेव्हा आम्ही मंडळीला म्हणालो, "चल, दोन दिवस मुंबईला जाऊन येऊ."

तिने पहिला प्रश्न विचारला, "कोण आजारी आहे?"

कोणीही आजारी नाही, आपण नुसते बघायला जायचे, हे पटवायला आठवडा गेला. शेजारपाजारी कुजबुज झालीच. "म्हातारीला घरी ठेवून निघाले राजा-राणी," असेही कानावर आले. त्याचा निकाल आमच्या आईनेच लावला. ती म्हणाली, "जा दोघं. पोरं काय दूधपिती आहेत का? मी आणि तुझा बाप जोडीनं कुठं गेलो म्हणशील तर सहा डिसेंबरला. तिथंबी गर्दीत तो पुढं आन् मी मागं."

मुंबई आम्हा नाशिककरांना परकी नाही. पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून धावते आहे आणि रोज तिने ये-जा करून मुंबईत नोकरी करणारी माणसे आमच्या वस्तीतही आहेत. मंडळीही पंधरा-वीस वेळा मुंबईला आलेली. पण तिची मुंबई म्हणजे दादर स्टेशन ते शिवाजी पार्क, आणि एकदा परळचे इस्पितळ. व्हीटी तिने उतरून कधी पाहिले नव्हते. म्हणून आम्ही ठरवले की या खेपेला दादरला उतरायचेच नाही, शेवटच्या स्थानकापर्यंत जायचे.

शनिवारी सकाळी गाडीत बसलो. सोबत बाजरीच्या भाकरी, जवळ्याची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. इगतपुरी सोडल्यावर थळ घाट लागतो. हा घाटमार्ग १८६५ साली सुरू झाला. चढ इतका उभा, की सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. म्हणून येताना कसाऱ्याला गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. बोगदे आले की मंडळी खिडकीशी सरकून मोजत होती. आम्ही वर्तमानपत्र उघडले होते, ते घडी घालून ठेवले आणि आम्हीही मोजू लागलो. दोघांचा आकडा जुळला नाही. त्यावरून कल्याणपर्यंत वाद चालला. पुष्कळ वर्षांनी आम्ही हप्ता, फी आणि रेशन सोडून दुसऱ्या विषयावर भांडत होतो.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधली जात होती. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाचा तो आराखडा. २००४ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला. जवळपासच, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंतची देशातली पहिली प्रवासी गाडी सुटली होती. रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. दगडात कोरलेले मोर, वानरे, पाने-फुले पाहता पाहता मंडळी म्हणाली, "एवढं कोरलं कुणी असेल? नाव स्टीव्हन्सचं, हात कुणाचे?" या प्रश्नाचे उत्तर देणारी पाटी तिथे नाही. पण प्रश्न बरोबर होता. कष्ट करणाऱ्याला कष्टाचे काम लगेच ओळखू येते.

स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजमध्ये खोली ठरवली होती. काउंटरवरच्या माणसाने दोघांची आधार कार्डे घेतली, वहीत नाव-आडनाव लिहिले आणि किल्ली हातावर ठेवली. दोन मिनिटांचे काम. पण या दोन मिनिटांना फार मोठा मागचा इतिहास आहे. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेल्या लहान भीमराव आणि त्यांच्या भावंडांना मसूर स्टेशनवर जात कळताच बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकायच्या अटीवर ती मिळाली आणि रात्रभर पोरे पाण्यावाचून राहिली. पुढे परदेशात शिकून आल्यावर, बडोद्याच्या नोकरीत असतानाही, बाबासाहेबांना उतरायला जागा मिळेना. पारशी सराईत राहावे लागले आणि तिथूनही बाहेर काढले गेले. १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाही सर्वांना खुल्या करण्याचे म्हटले होते. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांची नावे घेऊन तिथला भेदभाव बंद केला आहे. आपल्या माणसाने फिरायला जाणे, खोली मागणे, टेबलाशी बसून चहा मागवणे ही साधी गोष्ट व्हावी म्हणून एवढे सारे झाले. मग ती साधी गोष्ट आपण करायला नको का?

पिशव्या ठेवून दुपारी पायी निघालो. स्टेशनपासून गेटवे साधारण दोन किलोमीटर. या दोन किलोमीटरात पाहण्यासारखे इतके आहे की दोन तास पुरत नाहीत आणि त्यातल्या बहुतेक गोष्टी पाहायला पैसे पडत नाहीत. दादाभाई नौरोजी मार्गावरच १९४६ साली स्थापन झालेले सिद्धार्थ महाविद्यालय आहे. नोकरी करून शिकणाऱ्या कितीतरी पोरांनी तिथे सकाळचे वर्ग केले. तसेच पुढे गेले की हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर इथे गोळीबार झाला. १ मे १९६० ला राज्य झाले ते अशा माणसांच्या जिवावर. कष्टकऱ्याचा आणि शेतकऱ्याचा पुतळा तिथे हातात मशाल घेऊन उभा आहे. मंडळीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिले.

उजव्या हाताला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने पैसे दिले आणि १८७८ साली तो पुरा झाला. उंची २८० फूट. त्यापुढे काळा घोडा, तिथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाची इमारत. बाबासाहेब बी.ए. झाले ते या महाविद्यालयातून. पायऱ्यांवर काही मुलेमुली बसली होती. मंडळी म्हणाली, "थोडं बसू." पाय दुखत असतील असे समजून आम्ही बसलो. ती मात्र त्या मुलींच्या हातातल्या वह्यांकडे पाहत होती.

मग समोरचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिले. ते १९२२ साली लोकांसाठी उघडले. तिथून गेटवे. १९२४ साली पूर्ण झालेल्या या कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या फौजेची शेवटची तुकडी बाहेर पडली. ज्या दारातून राजाचे स्वागत व्हायचे, त्याच दारातून राज्य परत गेले. मंडळीला ही गोष्ट फार आवडली. घरी आल्यावर तिने ती आईला दोनदा सांगितली.

सूर्य बुडायच्या आत बसने मरीन ड्राइव्ह गाठले. कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसलो. बसायला तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही, कोणी उठवत नाही. एकीकडे कॉलेजची पोरे, दुसरीकडे आमच्याच वयाचे एक जोडपे, मध्ये चणेवाला. दिवे लागले तसा तो सगळा वळसा उजळत गेला. अर्धा तास आम्ही दोघे काहीच बोललो नाही. घरात अर्धा तास गप्प बसलो तर आई विचारते, काय बिनसले? इथे काही बिनसले नव्हते.

मग तिने विचारले, "अहो, सतरा नंबरचा फॉर्म असतो ना?"

आम्ही म्हणालो, "असतो. कोणासाठी?"

"माझ्यासाठी. नववीला शाळा सुटली माझी. धाकट्याची दहावी झाली तेव्हा त्याची पुस्तकं मी रद्दीत दिली नाहीत. ट्रंकेत आहेत. दुपारी काढून वाचते. इतिहास-भूगोल समजतं. गणिताला कुणीतरी लागेल."

लग्नाला बावीस वर्षे झाली. बावीस वर्षांत हे वाक्य तिने उच्चारले नव्हते आणि का नव्हते, हेही तिनेच सांगितले. "घरी बोलायला बसलं की कुकरची शिट्टी होते, नाहीतर दारात कोण येतं. आणि पोरांसमोर बोलले असते तर हसली असती." आम्ही म्हणालो, "बस की परीक्षेला. गणित आम्ही शिकवतो. बी.कॉम.चा काही उपयोग होऊ दे." ती म्हणाली, "तुम्ही ओरडाल." त्यावर शेवटी असे ठरले, की गणित मुलीने शिकवायचे आणि आम्ही त्या तासाला भाकरी टाकायच्या. आमच्या भाकरी गोल होत नाहीत, ही अडचण तिने मान्य केली.

आमच्या मते या सहलीचे खरे मोल या अर्ध्या तासात आहे. घरात माणूस आई असते, सून असते, कोणाची तरी वहिनी असते, आणि प्रत्येक भूमिकेला काम चिकटलेले असते. दोन दिवस ती सगळी नाती घरी राहिली की तिला स्वतःचे काही आठवते. आपण सभांमधून स्त्रीशिक्षणावर भाषणे करतो. आमच्या हातूनही बरीच झाली आहेत. पण बोलण्याइतकाच ऐकायलाही मोकळा वेळ लागतो आणि तो वेळ कष्टकऱ्याच्या घरात आपोआप तयार होत नाही. तो काढावा लागतो.

रविवारी सकाळी जाग आली तर मंडळी पलंगावरची चादर झटकून घड्या घालत होती. "इथं केरसुणी कुठं ठेवतात?" तिने विचारले. "अगं, राहू दे, त्याचे पैसे दिलेत आपण," असे म्हटल्यावर ती पलंगाच्या कडेला बसली. लॉजवरच्या पोराने चहा आणून दिला. बसल्या जागी, न करता मिळालेला चहा ती इतका हळूहळू प्यायली की शेवटी तो गार झाला असणार.

त्या दिवशी लाँचने घारापुरीला गेलो. गेटवेहून साधारण तासाचा प्रवास. मंडळी बोटीत पहिल्यांदाच बसली. आधी तिने आमचे मनगट घट्ट धरले, मग दहा मिनिटांनी सोडले, आणि परतताना ती एकटी कठड्याशी उभी होती. धक्क्यावरून गुंफेपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी दम खात चढावे. दोन्ही बाजूंना दुकाने असल्याने सावली मिळते. मुख्य गुंफेतली सदाशिवाची तीन मुखांची मूर्ती वीस फुटांच्या आसपास उंच आहे, एकाच खडकात कोरलेली. पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेषही आहेत. १९८७ पासून हा जागतिक वारसा आहे. पोर्तुगीजांना बेटावर दगडाचा मोठा हत्ती दिसला म्हणून त्यांनी एलिफंटा हे नाव पाडले. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे.

पण आम्हाला मूर्तीइतकीच लक्षात राहिली ती बेटावरच्या गावाची गोष्ट. मुंबईपासून इतक्या जवळ असून या लोकांच्या घरात वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राखालून केबल टाकून. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी. मंडळी धक्क्यावर उभी राहून पलीकडे पाहत म्हणाली, "रोज रात्री समोर मुंबईचे दिवे दिसत असतील यांना." यावर आम्ही काय बोलणार?

संध्याकाळच्या पंचवटीने परत निघालो. आता हिशोब. कारकुनाला खर्च लिहिल्याशिवाय झोप येत नाही. रेल्वे दोघांची जाऊन-येऊन ४२० रुपये. लॉज एक रात्र २,२०० रुपये. लाँच आणि सर्व प्रवेशतिकिटे मिळून १,००० रुपये. जेवण, चहा, फरसाण १,१०० रुपये. बस आणि टॅक्सी १३० रुपये. एकूण ४,८५० रुपये. दर बदलत असतात, तेव्हा हाताशी थोडे जास्त ठेवावेत. निम्म्याच्या जवळ पैसे लॉजला गेले. मुंबईत ज्यांचे जवळचे नातेवाईक आहेत ते म्हणतील, आमच्याकडे उतरला असता तर वाचले असते. खरे आहे. पण नातेवाइकांकडे उतरले की मंडळी पुन्हा त्यांच्या ओट्याशी उभी राहते. खोलीचे पैसे आम्ही खोलीसाठी दिले नाहीत, ते त्या ओट्यापासून सुटण्यासाठी दिले.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. गाडीचे आरक्षण आधी करावे, शनिवार-रविवारी ऐन वेळी जागा मिळत नाही. घारापुरी सोमवारी बंद, राणीची बाग बुधवारी बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच सुटत नाहीत, म्हणून हिवाळा बरा. रविवारी लोकलला मेगाब्लॉक असतो. लोकलने कुठे जायचे असेल तर आदल्या दिवशी चौकशी करावी. २०२५ पासून आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे, तिची स्थानके व्हीटीला आणि हुतात्मा चौकातही आहेत. लॉजमध्ये दोघांची ओळखपत्रे लागतात. खोली चोवीस तासांची की सकाळी सोडायची, आणि सांगितलेल्या दरात कर धरला आहे की नाही, हे किल्ली घेण्याआधी विचारावे. आणि दोन दिवसांत दहा ठिकाणे कोंबू नयेत. एक संध्याकाळ तरी रिकामी ठेवावी.

मुंबईच जवळची असे नाही. मुंबईकरांनी नाशिकला यावे, आमच्याकडे त्रिरश्मी लेणी आहेत, एका डोंगरात चोवीस. मराठवाड्यातल्यांनी पुण्याला जावे, पुण्याच्या लोकांनी कोल्हापूरला. शहर कोणतेही चालेल. अट एकच, तिथे लग्न, मयत किंवा मुलाखत नसावी.

घरखर्चाच्या वहीत आपण किराण्याचा, फीचा, हप्त्याचा, वर्गणीचा रकाना पाडतो. त्यात "दोघांसाठी" असा एक रकाना वाढवावा. महिन्याला २०० रुपये बाजूला टाकले तर दोन वर्षांत ४,८०० होतात. आमच्या हिशोबाला ५० रुपये कमी पडतील. तेवढे आपल्या घरातल्या म्हातारीकडे मागावेत. ती आनंदाने देईल, कारण ते तिला स्वतःला कधी खर्च करायला मिळाले नाहीत.

सतरा नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मंडळीच्या माहेरच्या शाळेत तो मागायला आम्ही पुढच्या सोमवारी रजा टाकली आहे. जोडीनेच जाणार आहोत.